भातावर

हिरानोसान वरच्या खोलीत राहायला आले
तेव्हा दोन बॅगा होत्या आणि टॉवेलात गुंडाळलेला
एक काळा वाडगा.
लालबागेत ते रेल्वेच्या पोरांना शिकवतात
खडीवाचून रूळ कसा टाकायचा.
मराठी येत नाही, गुजराती तीन शब्द.
माझं इंग्रजी बँकेतल्या पत्रव्यवहाराचं.
म्हणून रविवारी आम्ही बोलण्याऐवजी स्वयंपाक करतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं ताट न्याहाळलं,
मीठ, लिंबू, डावीकडे कोशिंबीर, मधे मूद,
आणि विचारलं,
सगळ्यांना एवढं लांब लांब का बसवता?

त्यांच्याकडे सगळं भातावर.
खाली भात, वर जे असेल ते,
आणि कालवायचं नाही.
हे मला जमेना. चौबळांच्या घरात
भात कालवल्याशिवाय जेवण सुरूच होत नाही.
ते मात्र एका कडेला विहीर खणावी तसे
सरळ तळापर्यंत जातात.

तेन्दोन लगेच कळलं.
भातावर भजी: वांग्याचं, रताळ्याचं, कोळंबीचं,
त्यावर गोडसर काळा रस.
म्हटलं, पितृपक्षात आमच्याकडे भजी भाताशेजारी असतात.
वर चढवली तर चालतील का,
वरच्यांनाच विचारावं लागेल.

उनादोन कागदावरच राहिलं.
त्यांनी लांबुळका मासा काढला,
मी विश्वामित्रीच्या दिशेला बोट करून
त्याच्या मागे मगर काढली.
ग्यूदोनचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, हळू,
आणि पुढे गेले. आपण कुठल्या गावात राहतो
हे माणसाला कळतं.

मग एका रविवारी ओयाकोदोन.
कांदा, कोंबडी, वरून फेटलेलं अंडं,
ते थरथरत असतानाच गॅस बंद.
नावाचा अर्थ सांगताना त्यांनी कोंबडीकडे बोट केलं,
मग अंड्याकडे, मग दोन्ही हातांनी
नसलेलं मूल जोजवलं.
मायलेकरू! एकाच वाडग्यात!
क्रूर आहे, मी म्हटलं.
हो, ते म्हणाले, पण चव बघा.

आणि कोंबडीऐवजी दुसरं कुठलं मांस असलं तर?
तर तानिनदोन.
तानिन म्हणजे एकमेकांचे कुणी नसलेले.
कांदा तोच, अंडं तेच, रस तोच.

मंजिरी अकोट्याला राहते.
दांडियाबाजारातून पूल ओलांडला की स्कूटरनं बारा मिनिटं.
तिच्या आईच्या पाटल्यांवरून मी जे बोललो
त्यावर दुसरी दिवाळी गेली.
हे मी हिरानोसानना सांगितलेलं नव्हतं.
त्यांनी माझ्या वाटीत अजून थोडं वाढलं
आणि काही विचारलं नाही.

मार्चमध्ये त्यांनी कात्सुदोनचा बेत काढला.
कात्सु म्हणजे आपलं कटलेटच,
समुद्र ओलांडताना मागचा अर्धा शब्द सांडलेलं.
पण त्यांच्या बोलीत कात्सु म्हणजे जिंकणंही,
म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना खाऊ घालतात.
मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.
नात बारावीला. उद्या फिजिक्स.
हिरानोसाननी ब्रेडचा चुरा मोजला
आणि एक मूठ आणखी घेतली.

डब्यात नको, म्हणाले, यातच न्या.
काळ्या वाडग्यावर माझी स्टीलची ताटली,
भोवती त्यांचाच टॉवेल, पायांमधे पिशवी.
पुलावर गर्दी होती.
पोचेपर्यंत अंडं घट्ट झालं असणार,
कटलेट मऊ, हे मला खालूनच कळत होतं.

मंजिरीनं दार उघडलं.
पिशवीकडे पाहिलं, मग ताटली उचलून म्हणाली,
हे काय, सगळं एकावर एक?

कालवायचं नसतं, मी म्हटलं,
पण तोवर आतून नात चमचा घेऊन आली होती,
उभ्या उभ्याच,
आणि चौबळांचा हात.

पेपर बरा गेला म्हणे.
वाडगा अजून अकोट्यालाच आहे.
हिरानोसान हल्ली माझ्या पातेल्यात जेवतात,
कडेकडेनं, तळापर्यंत,
आणि वाडग्याचं विचारत नाहीत.